बारदाना वजा

उदगीरच्या तहसीलसमोर, झेरॉक्सच्या टपरीला लागून
माझं टेबल. तीन पाय धड, चौथ्याखाली वीट.
वंशावळीचे साठ रुपये, तिकिटाचे वेगळे.
लोक चुरगळलेल्या पिशव्यांतून आजे-पणजे काढतात:
खासरा पाहणी, उर्दूतली नक्कल, ओल लागून फुगलेला दाखला.
मी पट्टी धरतो, रेघ ओढतो.
बापाखाली लेक, लेकाखाली लेक.
एखादा चुलता निघतो मूलबाळ नसलेला,
त्याच्यापाशी रेघ थांबते. मी लिहितो, मयत, बिनवारस.
अठरा वर्षं झाली, हात अडत नाही.

मागच्या साली एक बाई आली होती,
लातूरच्या शिशुगृहातली पोर कडेवर,
कोर्टाचा हुकूम प्लॅस्टिकमध्ये घडी न घालता जपलेला.
म्हणालो, बाई, नमुन्यात तसा रकाना नाही.
किती सहज म्हणालो.
पोर माझी पट्टी चावत होती.

या आठवड्यात लेकाच्या पडताळणीसाठी
माझाच कागद पुढ्यात आला.
वर छापलेलं: रक्तनात्यातील व्यक्ती.

मग लिहिलं, धोंडिबा, देवणीकडचे.
त्यांना मी पाहिलंय एकदाच,
एसटी स्टँडवर, पाठमोरं.
आणि केवळाबाई. मी आलो त्याच रात्री ती गेली.
तिच्याबद्दल माझ्याकडे नाव आहे,
केवळ.

नवव्या दिवशी मला शिवकांताच्या ओटीत घातलं.
ना कागद, ना स्टँप. एक नारळ, खणाचा तुकडा,
आणि गावची चार माणसं, आता त्यातलं कुणी नाही.

शाळेत घालताना मन्मथअप्पांनी मास्तरांना
माझं जुनंच आडनाव सांगितलं.
"त्येचं हाय ते त्येला ऱ्हाऊ द्या."
एवढ्या चांगुलपणानं
ते माझ्या दाखल्यातून बाहेर पडले.

अप्पा मोंढ्यात मापाडी.
पोतं काट्यावर चढलं की आकडा ओरडायचे
आणि त्याच दमात, "बारदाना वजा!"
तूर असो, हायब्रीड असो, करडई असो,
बारदाना वजा.
लहानपणी मला वाटायचं
बारदाना नावाचा कुणी माणूस आहे,
आणि दर वेळी त्यालाच का घालवतात.
विचारलं तर अप्पा मिशीत हसले.
"धान्य घरापत्तुर कोण आणतंय मग?
पर पैसे त्याचे देत नसतेत, बाबा."

काल व्यंकटकाकांकडे गेलो सहीसाठी,
पावशेर पेढे घेऊन.
त्यांनी चष्मा लावला, कागद बाजूला ठेवून
माझं कपाळ वाचलं.
"धोंडिबाचंच," म्हणाले, आणि सही केली.
चहा झाला. शेजारचा कुत्रा ओळखीचा असल्यासारखा भुंकला नाही.
वाईट माणूस नाही तो.
परतताना जीपच्या आरशात
मी माझं कपाळ तीनदा पाहिलं.

रात्री पक्की प्रत काढायला बसलो.
धोंडिबांच्या शेजारी पेन्सिलीनं
एक तुटक रेघ ओढून पाहिली, मन्मथ, मापाडी.
मग खोडली.
खोडलं की तेवढ्या जागी कागद पातळ होतो,
एवढंच.

आई जवळ येऊन बसली, सुपात भुईमुगाच्या शेंगा.
"काय लिहूलालास?"
"वंशावळ."
तिला अक्षर येत नाही, रेघा कळतात.
बोट ठेवत गेली: ह्ये कोण, ह्ये कोण.
सांगत गेलो. मी आलो, माझा लेक आला.
"आन् मी?"

मी उजवीकडचा कोरा समास दाखवला.
असतीस, तर इथं.

तिनं तिथं बोट टेकवलं,
टरफलं चिकटली होती ती पदरानं झाडली,
आणि जागा नीट न्याहाळून म्हणाली,
"तिथं तं शिक्का बसतो की रे."